दिवाडी बेट आणि खाजणाचा बांध

आपल्या खारबांधाबद्दल इथं बऱ्याचदा लिहितो. आज गोव्यातल्या दिवाडी बेटाचं सांगतो, कारण बांध समजल्याशिवाय त्या बेटाचा इतिहास कळत नाही.

दिवाडी मांडवी नदीत, जुन्या गोव्याच्या समोर. गाडीरस्त्याचा पूल नाही, फेरीबोटीनं जायचं. कोकण रेल्वे बेटावरून धडधडत जाते पण थांबत नाही! मधे टेकडी, तिच्यावर पिएदादचं चर्च आणि वस्ती, खाली सखल शेतं. ही शेतं म्हणजे खाजण. भरतीला नदीत खारं पाणी चढतं, ते बांधानं अडवलेलं. बांधात लाकडी दारं असतात, त्याला तिकडं मानस म्हणतात, आपल्या उघाडीसारखंच. भरतीच्या रेट्यानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. पावसानं मीठ धुऊन निघालं की कोरगुट भात करायचं. खारं सोसणारी जुनी जात ती.

आता असला बांध एकट्याचा नसतो. खांड एकाच्या शेताला पडते आणि पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. म्हणून तिथं गावकरी ही संस्था घट्ट राहिली. गावच्या मूळ घराण्यांची ती. जमीन सामाईक, शेतं बोली लावून कसायला द्यायची, उत्पन्नातून बांध आणि देऊळ सांभाळायचं. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं. पुढं देवळं पाडली, धर्म बदलायला लावले, पण गावकरी मोडली नाही. उलट १५२६ मध्ये तिचे रिवाज लिहून काढून मान्य केले. यात माया काही नसावी असं मला वाटतं. बांध फुटला तर सारा कोण भरणार?

देवाची गोष्टही पाण्याचीच. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं दैवत, बेटावरच्या नार्वे गावात होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, तेव्हा लोकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं. तिकडं तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. त्या गावाचं नावही नार्वेच. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला.

माणसं मात्र बेटावरच राहिली, आणि हद्दीवरून भांडलीसुद्धा. जमीन मोजकी म्हटल्यावर भांडणार नाहीत तर काय! सरकारनं वाड्यांच्या हद्दीवर झेंडे रोवले, लोकांनी ते दगडांनी पाडले, असं सांगतात. त्याचाच आज बोंदेरा सण होतो, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी. भांडणाचा सण करणारी माणसं मला आवडली.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर गोव्यात खाजणाचे बांध कुळांच्या संघांकडे गेले. कुळाला हक्क मिळाला हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, आणि भातापेक्षा मासळीला पैसा जास्त. मग कुठं कुठं खारं पाणी मुद्दाम आत घेतात, बांध दुबळा होतो, शेतात खारफुटी उगवते. एकदा खार मुरली की ती धुवायला किती पावसाळे जातात ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

खाडीकाठच्या मंडळींनी कळवा, तुमच्याकडं खांड बांधायला अजून सगळा गाव येतो का?