दुसरे दर्शन

समीक्षकाची दृष्टी मोकळी असावी, हे तत्त्व जितक्या सहजपणे मान्य होते, तितक्या सहजपणे ते आचरणात येत नाही. चित्रपटाच्या क्षेत्रात तर ही अडचण अधिकच वाढते. कारण तेथे अभिप्राय बहुधा एकाच दर्शनावर, आणि तोही तातडीने द्यावा लागतो. १९६७ साली अमेरिकेत घडलेला एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आर्थर पेन यांचा ‘बॉनी अँड क्लाइड’ प्रदर्शित झाला. दरोडे घालणाऱ्या एका तरुण जोडप्याची ही कथा. तीत विनोद आणि रक्तपात एकमेकांना खेटून येतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर यांनी तिच्यावर कडाडून आणि पुनःपुन्हा टीका केली. क्राउदर हे काही संकुचित वृत्तीचे लेखक नव्हते. १९४० पासून ते त्या पदावर होते. इटलीतील नववास्तववादी चित्रपटांचा त्यांनी पुरस्कार केला होता. रोसेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’वरील बंदीला विरोध केला होता. १९५८ मध्ये ‘पथेर पांचाली’ न्यूयॉर्कला आला, तेव्हा त्याची सैल बांधणी त्यांना खटकली. तरी त्याचा हळूहळू साचत जाणारा परिणाम त्यांनी त्याच लेखात मान्य केला.

‘न्यूजवीक’चे जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनीही प्रथम पेन यांच्या चित्रपटाचा धिक्कारच केला. परंतु त्यांनी तो चित्रपटगृहात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमवेत, पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात आपला पहिला अभिप्राय अन्याय्य असल्याची जाहीर कबुली दिली. क्राउदर आपल्या मतावर ठाम राहिले. १९६८ च्या आरंभी त्यांच्या जागी रेनाटा ॲडलर आल्या.

मत बदलणारा तेवढा थोर, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. हिंसेचे रंजन व्हावे काय, हा क्राउदर यांचा प्रश्न आजही निकालात निघालेला नाही. उणीव होती ती वेगळीच. परदेशी चित्रपटांच्या सहवासात त्यांनी जे मोकळेपण कमावले होते, ते स्वदेशातील एका नव्या वळणापाशी त्यांच्या उपयोगी पडले नाही. मोकळी दृष्टी ही एकदा मिळवून जन्मभर पुरणारी पुंजी नव्हे. प्रत्येक नव्या कृतीपुढे ती नव्याने मिळवावी लागते. मॉर्गनस्टर्न यांनी ती मिळवली, ती दुसऱ्यांदा तिकीटखिडकीपाशी जाऊन.