पशुवैद्यक पदवीची तयारी: वाशिम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी काय, केव्हा आणि कसे करावे?

गुरांचा डॉक्टर होण्यासाठी भारतात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. म्हणजे पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन विषयातील पदवी घ्यावी लागते. ही पदवी बारावीनंतर थेट सुरू होते. त्याआधी बी.एस्सी. किंवा दुसरी कोणतीही पदवी लागत नाही आणि ती असली तरी प्रवेशात तिचा फायदा होत नाही. ही साधी गोष्ट वेळेवर न कळल्यामुळे ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांचे एक-दोन वर्षांचे नुकसान होते. वाशिम जिल्ह्यातील वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत शेतीला जनावरांची जोड आहे. त्यामुळे या शिक्षणाकडे वळू पाहणारी मुले-मुली येथे कमी नाहीत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती.

परदेशातील पद्धत आणि आपली पद्धत

इंटरनेटवर शोध घेतला की 'प्री-व्हेट' हा शब्द वारंवार दिसतो आणि गोंधळ होतो. अमेरिकेत विद्यार्थी आधी महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरावीक विषय पूर्ण करतात, जनावरांबरोबर काम केल्याचा अनुभव जमवतात आणि नंतर चार वर्षांच्या पशुवैद्यक पदवीसाठी अर्ज करतात. ब्रिटनमध्ये मात्र शालेय शिक्षण संपल्यावर थेट प्रवेश मिळतो. भारताची पद्धत या दुसऱ्या प्रकारची आहे. अमेरिकेत पदवीच्या वर्षांत होणारी पूर्वतयारी आपल्याकडे अकरावी आणि बारावी या दोन वर्षांतच उरकावी लागते.

अभ्यासक्रम किती वर्षांचा?

एकूण साडेपाच वर्षांचा. त्यातील साडेचार वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र आणि पशुधन उत्पादन व्यवस्थापन हे विषय असतात. मधल्या वर्षांत सूक्ष्मजीवशास्त्र, परोपजीवीशास्त्र, विकृतिशास्त्र, पशुपोषण, आनुवंशिकी, औषधशास्त्र असे विषय येतात. शेवटच्या टप्प्यात औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र यांवर भर असतो. देशभरातील अभ्यासक्रमाचा किमान दर्जा भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते.

महाविद्यालये कुठे आहेत?

राज्यातील पशुवैद्यक शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. 'माफसू' या नावाने ओळखले जाणारे हे विद्यापीठ २००० साली सुरू झाले. त्याआधी ही महाविद्यालये कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत होती. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ (जि. सातारा) ही पदवी शिक्षणाची जुनी पाच केंद्रे आहेत. त्यांपैकी मुंबईचे महाविद्यालय १८८६ सालचे आहे.

वाशिमकरांना सर्वांत जवळची संस्था अकोल्याची. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातूनच वेगळा झाला. मात्र अकोल्याची संस्था मुळात पदव्युत्तर शिक्षणासाठी उभी राहिली आहे, हे लक्षात ठेवावे. जुन्या पदवी महाविद्यालयांपैकी परभणी हे वाशिमहून हिंगोलीमार्गे सोयीचे पडते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ वरूड येथे माफसूचेच महाविद्यालय आहे, पण ते दुग्धतंत्रज्ञानाचे. तेथील पदवी घेऊन जनावरांवर उपचार करता येत नाहीत. नवी महाविद्यालये आणि वाढलेल्या जागा दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात. ऐकीव माहितीपेक्षा तीच प्रमाण मानावी.

प्रवेशासाठी काय लागते?

- बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक.
- खुल्या प्रवर्गासाठी या विषयांत एकत्रित किमान ५० टक्के गुण. राखीव प्रवर्गांना सवलत आहे.
- प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण.
- त्या वर्षीची 'नीट' परीक्षा.

महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यांची प्रक्रिया भारतीय पशुवैद्यक परिषद राबवते. राज्याच्या वाट्याच्या जागांचे प्रवेश माफसूमार्फत होतात.

वर्ष वाया जाते ते तीन ठिकाणी

पहिले ठिकाण म्हणजे अकरावीतील विषयांची निवड. गणित घेऊन जीवशास्त्र सोडले की पुढे अभियांत्रिकीचे दार उघडते, पण पशुवैद्यकाचे बंद होते. अजून निर्णय पक्का नसेल तर दोन्ही विषय ठेवणे शहाणपणाचे.

दुसरे ठिकाण म्हणजे परीक्षा. कृषी पदवीसाठी राज्याची सीईटी लागते. पशुवैद्यक हा विषयही शेतीशी जोडलेला असल्यामुळे त्यालाही सीईटीच चालते, असा समज गावोगावी आढळतो. तो चुकीचा आहे. येथे नीटच लागते. नीटचा अर्ज बारावीच्या वर्षातच, मुदतीत भरावा लागतो. निकाल लागल्यावर विचार करू म्हटले, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबण्याशिवाय उपाय नसतो.

तिसरे ठिकाण म्हणजे स्वतंत्र अर्ज. नीटमध्ये चांगले गुण मिळाले म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस यांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे नोंदणी करून काही विद्यार्थी निर्धास्त होतात. पशुवैद्यकासाठी माफसूच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो आणि अखिल भारतीय कोट्यासाठी परिषदेकडे आणखी वेगळा.

नीटचा अभ्यास

सध्याच्या स्वरूपात नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ४५-४५, तर जीवशास्त्राचे ९० प्रश्न. म्हणजे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. राज्य मंडळाच्या पुस्तकांबरोबरच एनसीईआरटीची पुस्तके ओळ न ओळ वाचावी लागतात, कारण जीवशास्त्राचे बरेच प्रश्न थेट त्यांच्या मजकुरावर बेतलेले असतात. परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र पदवीचे शिक्षण इंग्रजीत होते. पहिल्याच वर्षी हाडे, स्नायू आणि नसांची शेकडो इंग्रजी-लॅटिन नावे समोर येतात. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने अकरावीपासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवली, तर हा घाट सोपा होतो.

गुरांच्या डॉक्टरला रसायनशास्त्र कशाला, असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर शेतातच सापडते. कोवळी किंवा पाण्याचा ताण पडलेली ज्वारी खाल्ली, तर तिच्यातून सायनाइड सुटून जनावर थोड्याच वेळात दगावू शकते. त्यावरचा उतारा सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट या संयुगांचा असतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातली नावे येथे बैल वाचवायला उपयोगी पडतात.

कागदपत्रे आधीच तयार ठेवा

अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत. विशेषतः जात पडताळणीला वेळ लागतो. तो प्रस्ताव अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत दाखल करावा.

जनावरांचा अनुभव

भारतात प्रवेशासाठी अनुभवाचे गुण मिळत नाहीत. तरीही प्रवेशाआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात काही दिवस थांबून काम पाहणे फायद्याचे ठरते. पावसाळ्यापूर्वीची घटसर्प आणि फऱ्याची लसीकरणे, लाळ्या-खुरकुताची मोहीम, शेळ्यांचा आंत्रविषार, अडलेली गाय, पोटफुगी हे सारे डोळ्यांनी पाहिल्यावर हे काम आपल्याला झेपेल का, याचा अंदाज येतो. रात्री-अपरात्री चिखलात उभे राहून करायचे हे काम आहे. २०२२ मध्ये लम्पीची साथ विदर्भात पसरली, तेव्हा गोठ्यागोठ्यांत जाऊन लस टोचावी लागली होती.

पाहताना काळजीही घ्यावी. गाभडलेल्या गायीचा वार उघड्या हाताने ओढू नये, कारण ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराच्या तोंडात हात घालू नये.

पदविका आणि बी.एस्सी.चे काय?

पशुसंवर्धनाची पदविका घेऊन पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करता येते. मात्र भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरांनाच आहे. पदविकाधारकांना राज्य शासनाच्या आदेशाने आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा प्राथमिक सेवा देता येतात. पदविका झाली म्हणून नीट टळत नाही.

पहिल्या प्रयत्नात नंबर न लागल्यास बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन पुन्हा नीट देता येते. प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही. प्राणिशास्त्राच्या अभ्यासाचा पाया पक्का होतो आणि वर्ष रिकामे जात नाही. परंतु बी.एस्सी.च्या गुणांवर पशुवैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. ही आशा ठेवून तीन वर्षे घालवू नयेत.

पदवीनंतर

राज्य लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी (गट-अ) हे पद मिळते. याशिवाय खासगी व्यवसाय, दूध संघ, कुक्कुटपालन कंपन्या, लस उत्पादन, बँकांतील कृषी अधिकारी, लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आणि वन्यजीव विभाग असे मार्ग आहेत. काळविटांसाठी प्रसिद्ध असलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य वाशिम जिल्ह्यातच आहे. अमेरिकेत व्यवसाय करायचा असल्यास भारतीय पदवीधराला तेथील समकक्षता परीक्षा आणि परवाना परीक्षा द्याव्या लागतात.

थोडक्यात वेळापत्रक

- दहावीनंतर: जीवशास्त्रासह विज्ञान शाखा.
- अकरावी: एनसीईआरटीचे वाचन, जात पडताळणीचा प्रस्ताव, सुटीत दवाखान्यातील निरीक्षण.
- बारावी: नीटचा अर्ज मुदतीत, सराव प्रश्नपत्रिका.
- नीटच्या निकालानंतर: माफसू आणि पशुवैद्यक परिषद या दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज, सर्व फेऱ्यांवर लक्ष.

पहिल्या यादीत नाव नाही म्हणून प्रक्रिया सोडू नये. वरच्या क्रमांकाचे काही विद्यार्थी एमबीबीएसकडे वळतात आणि त्यांच्या जागा पुढच्या फेऱ्यांत रिकाम्या होतात. शेवटच्या फेरीपर्यंत संकेतस्थळ रोज पाहणाऱ्यालाच त्या जागेचा लाभ होतो.