पागडीचा फोन

२०११ ची दिवाळी तोंडावर आली होती आणि आईनं मला आयुष्यातला पहिला मराठी मेसेज पाठवला. तिच्याकडे हजार-बाराशे रुपयांचा बटणांचा फोन होता. त्यात देवनागरी टाइप करता यायचं. माझ्याकडे आठ हजारांचा, टचस्क्रीनचा, नवाकोरा अँड्रॉइड. त्यावर मेसेज उघडला तर नुसते चौकोन. एका ओळीत वीस-पंचवीस रिकामे चौकोन, मध्ये एक स्वल्पविराम, पुन्हा चौकोन. हॉस्टेलच्या गॅलरीत जाऊन मी तिला फोन लावला, "आई, काय लिहिलंयस?" ती म्हणाली, "एवढा महागाचा फोन घेतलास आणि साधं मराठी वाचता येत नाही होय त्यात?"

दुकानदाराकडे गेलो. त्यानं फोन उलटसुलट करून पाहिला आणि ठरलेलं वाक्य टाकलं, "सॉफ्टवेअर मारावं लागेल. पण मराठी येईलच याची गॅरंटी नाही." रूममेट जास्त कामाचा निघाला. तो म्हणाला, "रूट कर."

आज तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकला असेल तो बँकेच्या ॲपमध्ये: "तुमचा फोन रूट केलेला आहे, हे ॲप चालणार नाही." म्हणजे रूट म्हणजे काहीतरी भानगड, चोरांचं काम, असा समज होणं साहजिक आहे. पण या शब्दाचा इतिहास फोनपेक्षा बराच जुना आहे, आणि त्यात चोरही आहेत, पोलीसही आहेत, आणि आपला मेसेज वाचू न शकणारी साधी माणसंही.

मुळाशी बसलेला माणूस

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली. तेव्हा एकच संगणक अनेक जण मिळून वापरत. एकाच्या फायली दुसऱ्यानं उघडू नयेत, कुणी चुकून सगळंच पुसून टाकू नये, म्हणून प्रत्येकाला वेगळं खातं आणि ठरावीक अधिकार. पण कुणाला तरी सगळं करता यायला हवं. खाती उघडायची, बिघाड दुरुस्त करायचा, तर सगळीकडे हात पोचायला हवा. त्या खात्याचं नाव रूट, आणि त्याचा क्रमांक शून्य. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेतच 'एसयू' नावाची आज्ञा आहे. योग्य पासवर्ड दिला की साधा वापरकर्ता त्या आज्ञेनं रूट होतो.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं याच धाटणीचं लिनक्स बनवलं, आणि लिनक्सच्या गाभ्यावर गूगलनं अँड्रॉइड उभं केलं. इथं एक हुशारी केली गेली. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला लिनक्सचा एक स्वतंत्र वापरकर्ता मानलं जातं. त्यामुळे तुमच्या गेमला तुमच्या मेसेज ॲपच्या खोलीत डोकावता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं हे उत्तमच. मात्र ज्याच्या खिशात फोन आहे, त्याला रूटची किल्ली दिली गेली नाही. घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं की रूटचा पासवर्ड आपण ठरवतो. फोनमध्ये तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

मुंबईत पागडीची खोली असते. मोठी रक्कम मोजून तुम्ही आत येता, पिढ्यान् पिढ्या राहता, पण भिंत पाडायची म्हटली की मालकाकडे जावं लागतं. आपला फोन हा असा पागडीचा आहे. मराठी अक्षरांची फाइल जिथं ठेवायची ती सिस्टिमची जागा मला दिसत होती. वाचता येत होती. तिथं काही ठेवण्याची मात्र मुभा नव्हती.

'रीबूट' म्हटलं आणि फोन बंद पडला

पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-वन, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. एचटीसीनं बनवलेला, सरकवून उघडायच्या कीबोर्डचा. दोन आठवड्यांतच त्यात एक गंमत सापडली. त्या कीबोर्डवर तुम्ही जे काही टाइप कराल, ते समोरच्या ॲपला तर जायचंच, शिवाय पडद्यामागे चालू राहिलेल्या एका रूट खिडकीलाही जायचं. एक जण मैत्रिणीशी चॅट करताना सहज 'रीबूट' असं लिहून गेला आणि फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा चालू झाला. मग लोकांनी 'टेलनेटडी' टाइप केलं. त्या एका शब्दानं बाहेरून रूट होऊन फोनमध्ये शिरण्याचा दरवाजा उघडला.

गूगलनं नोव्हेंबरमध्ये अपडेट पाठवून ही चूक बुजवली. कुणीही करेल अशीच दुरुस्ती ती. पण ज्यांना किल्लीची चव लागली होती त्यांनी उलटा मार्ग धरला: एसडी कार्डावरून जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं, जुन्या चुकीतून आत शिरायचं, आणि मग नवं सॉफ्टवेअर आपल्या अटींवर बसवायचं. पुढची अनेक वर्षं रूटिंगचा खेळ याच नियमानं चालला. कंपनीची चूक म्हणजे वापरकर्त्याची खिडकी.

२०१० मधली एक युक्ती तर शिकवण्यासारखी आहे. कॉम्प्युटरला फोन जोडल्यावर जी सेवा चालू होते, ती सुरुवातीला रूट असायची आणि लगेच आपले अधिकार सोडून साधी वापरकर्ती व्हायची. सेबास्टियन क्रॅमर या जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं की अधिकार सोडणं यशस्वी झालं की नाही, हे ती तपासतच नाही. मग करायचं एवढंच: त्या साध्या वापरकर्त्याच्या नावावर इतक्या प्रक्रिया सुरू करायच्या की त्याचा कोटा भरून जाईल. आता सेवा पुन्हा सुरू झाली, अधिकार सोडायला गेली, तर तिथं जागाच नाही. सोडणं फसलं, सेवा रूटच राहिली. एक तपासणी लिहायची राहून गेली म्हणून असंख्य फोनची दारं उघडली.

त्याच दारानं चोर

मार्च २०११ मध्ये गूगलच्या अधिकृत ॲप बाजारात पन्नासहून जास्त ॲप्स अशी सापडली की जी दिसायला साधी होती आणि आत मात्र याच पळवाटा वापरून गुपचूप रूट मिळवत होती. ड्रॉइडड्रीम हे त्या प्रकरणाचं नाव. फोनची ओळख सांगणारे क्रमांक ती बाहेर पाठवत आणि आणखी सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची सोय करून ठेवत. गूगलला ही ॲप्स लोकांच्या फोनमधून दुरून काढून टाकावी लागली.

इथं रूटिंगवाल्यांनाही प्रामाणिक राहावं लागतं. आपण ज्याला स्वातंत्र्याची खिडकी म्हणतो ती खिडकी चोराला वेगळी दिसत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीला आलेली 'डर्टी काऊ' ही लिनक्समधली चूक २००७ पासून तिथं होती. तिच्यातून फोन रूट करता यायचे, हे खरं. तसाच हल्लाही करता यायचा.

म्हणूनच खरी मागणी होती ती वेगळी: खिडकी फोडायला लावू नका, दाराची किल्ली द्या. डिसेंबर २००८ मध्ये गूगलनं विकसकांसाठी ३९९ डॉलरला कुलूप नसलेला फोन विकला होता. २०११ मध्ये ग्राहकांचा रेटा वाढल्यावर एचटीसीच्या प्रमुखांनी जाहीर केलं की यापुढे बूटलोडरला कुलूप नसेल. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा पहारेकरी. कुठलं सॉफ्टवेअर आत सोडायचं ते तो ठरवतो. हे कुलूप अधिकृतपणे उघडलं की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. लोक यावर चिडतात, पण कारण चोख आहे: चोरलेल्या फोनचं कुलूप उघडून कुणी तुमचे फोटो पाहू नयेत.

बंडखोरांनी आधी केलं, कंपनीनं नंतर दिलं

स्टीव्ह कोंडिक नावाच्या प्रोग्रॅमरनं २००९ मध्ये जी-वनसाठी स्वतःची अँड्रॉइड आवृत्ती बांधली: सायनोजेनमॉड. त्याच सप्टेंबरमध्ये गूगलची कायदेशीर नोटीस आली. अँड्रॉइड मुक्त आहे, पण जीमेल, मॅप्स, यूट्यूब आणि मार्केट ही ॲप्स आमच्या मालकीची, ती वाटू नका. शेवटी तोडगा निघाला: सायनोजेनमॉडनं ती ॲप्स द्यायची नाहीत, वापरकर्त्यानं आपल्याच फोनमधली आपण परत घालायची.

त्या काळात लोक रूट कशासाठी करत, ती यादी आज मजेशीर वाटते. स्क्रीनशॉट काढण्यासाठी. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देण्यासाठी. ॲप मेमरी कार्डावर हलवण्यासाठी. कंपनीनं आधीच कोंबलेली नकोशी ॲप्स बंद करण्यासाठी. हॉटस्पॉट आणि कार्डावर ॲप या सोयी २०१० मध्ये २.२ आवृत्तीत अधिकृत आल्या. स्क्रीनशॉट आणि ॲप बंद करणं २०११ च्या ४.० मध्ये. आज तुम्ही दोन बटणं दाबून स्क्रीनशॉट काढता, ते कधीकाळी वॉरंटी धोक्यात घालून करायचं काम होतं.

कायदाही मागोमाग आला. जुलै २०१० मध्ये अमेरिकेनं फोनचं कुलूप तोडायला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. २०१२ मध्ये फोनची सूट कायम ठेवली, टॅबलेटला मात्र नाकारली. कारण काय, तर टॅबलेट म्हणजे नेमकं काय याची व्याख्या स्पष्ट नाही. २०१५ मध्ये टॅबलेटलाही सूट मिळाली. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. त्यात कुलूप तोडण्याला शिक्षा आहे, पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं तोडलं तर.

सायनोजेनची पुढं कंपनी झाली, आणि तिची भारतातली कथा दुःखी आहे. २०१४ मध्ये वनप्लसचा पहिला फोन हेच सॉफ्टवेअर घेऊन आला, पण भारतापुरता एकाधिकार मायक्रोमॅक्सच्या 'यू' या ब्रँडला दिला गेला. भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये वनप्लसच्या विक्रीला काही दिवस स्थगिती मिळाली. ज्या सॉफ्टवेअरचा जन्म 'माझा फोन माझा' म्हणून झाला, तेच आता एकाधिकाराच्या करारात अडकलं होतं. २०१६ संपताना कंपनीनं सेवा बंद केल्या. कार्यकर्त्यांनी तोच कोड उचलला आणि लिनेजओएस या नावानं चालू ठेवला. तो आजही चालू आहे.

२०१६: बँक मध्ये आली

भारतापुरतं बोलायचं तर २०१६ हे वळणाचं वर्ष. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी. फोन हेच पाकीट झालं. त्याच वर्षी जॉन वू या विद्यार्थ्यानं मॅजिस्क आणलं. सिस्टिमच्या मूळ फायलींना हात न लावता रूट देण्याची ती पद्धत. आणि त्याच वर्षी गूगलची सेफ्टीनेट तपासणी उघड्या बूटलोडरवरही बोट ठेवू लागली. आता लढाई किल्ली मिळवण्याची राहिली नाही, किल्ली लपवण्याची झाली. पुढे ही तपासणी थेट चिपमध्ये कोरलेल्या सहीवर गेली. सॉफ्टवेअरनं खोटं बोलून तिला फसवणं फार अवघड. २०२१ मध्ये जॉन वू स्वतःच गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात रुजू झाला, आणि मॅजिस्कमधली लपवाछपवीची सोय त्यानं काढून टाकली.

बँकेची बाजू चूक नाही. रूट केलेल्या फोनमध्ये एखाद्या वाईट ॲपला चुकून 'परवानगी द्या' म्हटलं, तर भिंती उरत नाहीत. पण तपासणी विचारते तो प्रश्न 'हा फोन सुरक्षित आहे का?' असा नसतो. 'हा फोन कंपनीनं दिला तसाच आहे का?' असा असतो. पाच वर्षांत एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला जुना फोन या परीक्षेत पास होऊ शकतो. ताजे अपडेट घातलेला लिनेजवाला फोन नापास होतो.

हे मला गेल्या वर्षी घरीच दिसलं. आईच्या टॅबलेटचे अपडेट कधीच थांबले होते. ॲप्स एकेक करून "तुमची आवृत्ती जुनी आहे" म्हणू लागली. टॅब चांगला, बॅटरी चांगली, काच शाबूत. मी जुन्या सवयीनं बसलो. मॉडेल क्रमांक दोनदा जुळवून पाहिला, कारण एका अक्षराच्या फरकानं फोनची वीट होते. फोटो उतरवून घेतले. चार्जिंग ऐंशी टक्क्यांच्या वर नेलं. बूटलोडर उघडला, लिनेज टाकलं. पहिल्यांदा बूटलूप झाला, म्हणजे कंपनीचं चिन्ह येतं आणि जातं, येतं आणि जातं. अशा वेळी घाबरून दुकान गाठायचं नसतं. रिकव्हरीत जाऊन जुना डेटा पुसला, पुन्हा चालू केला, सुरू झाला. कीर्तनाचे व्हिडिओ, पेपर, नातवाशी व्हिडिओ कॉल, सगळं झकास. फक्त तिच्या बँकेचं ॲप उघडेना.

आई म्हणाली, "टॅब माझा आहे ना? मग त्यांना काय त्याचं?"

मी तिला पागडीचं सांगितलं नाही. तिच्या फोनवर, ज्याला मी हात लावलेला नाही, तिथं ते ॲप घालून दिलं. पैसे फोनवर, वाचन टॅबवर. तुम्ही विचाराल तर माझाही सल्ला तोच: ज्या फोनवर बँक आहे तो रूट करू नका, आणि जो फोन केवळ अपडेट थांबल्यामुळे ड्रॉवरमध्ये पडला आहे तो फेकू नका.

राहिला २०११ चा तो फोन. तेव्हा रूट करून मी देवनागरीचा फॉन्ट सिस्टिममध्ये टाकला. चौकोन गेले, अक्षरं आली, पण जोडाक्षरं फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसलेली. फॉन्ट माझा असला तरी अक्षरं जुळवणारं यंत्र अजून मराठी शिकलेलं नव्हतं; ते पुढच्या आवृत्त्यांनी शिकवलं. तरी वाचता आलं. आईनं लिहिलं होतं: 'फराळ पाठवलाय, चकली मऊ पडायच्या आत खा.'

मेसेज आठ दिवस जुना झाला होता. चकल्या मऊ पडल्या होत्या.