खंडेनवमीच्या तेलाची कुळकथा

आश्विन शुद्ध नवमीस भायखळ्याच्या कारखान्यांतून पाने, कानशी, छिन्न्या आणि हातोडे घासूनपुसून, त्यांवर तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू व झेंडू वाहून ओळीने मांडण्याचा जो कुळाचार आहे, तो मूळचा यंत्रशाळेतला नव्हे. तो छावणीतून आला. पर्जन्यकाळी फौजा छपराखाली राहत, नद्या उतरल्या आणि वाटा सुकल्या म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. तेव्हा चार महिने कोंदट शिलेखान्यात पडून राहिलेले खांडे, पट्टे व भाले बाहेर काढून त्यांचा गंज उतरविणे ही लष्करी निकड होती, आणि पूजेचे वस्त्र त्या निकडीवर मागाहून चढले, असे माझे मत आहे.

गंज उतरविण्याचे काम शिकलगारांचे. कुरुंदाची भुकटी लाखेत मळून केलेल्या चाकावर ते पाते धरीत, झिलई आणीत आणि तत्काळ तेल देत. पुढे तलवारी म्यानात विसावल्या, तेव्हा हेच हात सुऱ्या-कात्र्यांना धार लावीत शहरांच्या गल्ल्यांतून हिंडू लागले.

भायखळ्यात लोखंडाचा कारभार रुजला तो रेल्वेच्या पाठोपाठ. ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वेचा कारखाना १८७९ साली परळला गेला, त्यापूर्वी तो येथेच होता. रिचर्डसन अँड क्रुडासची स्थापना १८५८ ची, खटाव मिल १८७५ ची. कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी गावची खंडेनवमी बरोबर आणली, आणि खांड्याच्या जागी पाना ठेवून ती येथे निष्ठेने चालविली.

या जागेला तिची गरजही मोठी. गंजाला लोखंडाखेरीज पाणी आणि प्राणवायू लागतो. बंदराकडून येणाऱ्या वाऱ्यातील क्षार हत्यारावर बसले म्हणजे ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि क्रिया वेगाने चालू होते. शिवाय गंज सच्छिद्र असल्याने स्वतःच ओल धरून ठेवतो व आत पसरत जातो. म्हणून चढलेला गंज घासलेटात रात्रभर भिजवून तारेच्या ब्रशाने काढावा, उरलेला बारीक पॉलिश पेपरने घासावा. चिंचेच्या कोळाने अगर लिंबानेही तो सुटतो, परंतु आम्ल धुऊन पाते कोरडे केले नाही, तर उघडे पडलेले लोखंड दुसऱ्या दिवशी पुन्हा तांबूस दिसते. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. मशीनचे पातळ तेल चांगले.

एक गोष्ट मात्र या परंपरेत राहून गेली आहे. नवमी पाऊस सरल्यावर येते, म्हणजे गंज लागून गेल्यावर. ज्यांच्याकडे हत्यारे आहेत त्यांनी मृग लागण्यापूर्वी एकदा सगळी पेटी रिकामी करावी, प्रत्येक हत्यार कोरडे करून तेल द्यावे, आणि पावसाळाभर काम आटोपताच हाताचा घाम पुसून ते जागेवर ठेवावे.