फादर स्टीफन्स यांचीं घरीं धाडलेलीं पत्रें

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस अपरिचित नाहीं. परंतु ते मूळचे इंग्रज, लंडनच्या एका व्यापाऱ्याचे चिरंजीव, आणि त्यांनीं गोव्याहून वडिलांस लिहिलेलें पत्र आजहि वाचावयास मिळतें, ही गोष्ट आमच्या गिरगांव-दादरकडील घरांतून क्वचितच सांगितली जाते. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत तिला थोडी जागा द्यावी असें आम्हांस वाटलें.

येशूसंघाचे हे तरुण सभासद ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांच्या काफिल्याबरोबर लिस्बनहून निघाले. वाटेंत एका इंग्रज जहाजानेंच त्यांच्या जहाजावर तोफा डागल्या. इजा झाली नाहीं. पण एवढें सुंदर जहाज असल्या उद्योगास लागलेलें पाहून वाईट वाटलें, असें ते मोकळेपणानें लिहितात. पुढें दक्षिण समुद्र. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हां तिकडे हिवाळा. त्या दिवसांत आफ्रिकेच्या टोंकाशीं वाट दाखविणारा नाविक किनाऱ्याच्या फार जवळ गेला, वारा फिरला, आणि प्रचंड लाटांनीं जहाज आगुल्हास भूशिराजवळील उथळ पाण्यांत लोटलें. सर्वांनीं आशा सोडली असतां वारा पुन्हां अनुकूल झाला. त्यानंतर मादागास्करच्या बाहेरून जातांना स्कर्व्हीनें गांठलें. हिरड्या इतक्या सुजत कीं कापून काढाव्या लागत. हातपाय हलेनासे होत. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं, त्यांपैकीं सत्तावीस दगावलीं. आणि इतर प्रवासांच्या मानानें हें नुकसान थोडेंच समजलें गेलें! २४ ऑक्टोबरला गोवा आलें. पत्रावर तारीख १० नोव्हेंबरची आहे.

आम्हांस विशेष गोड वाटतो तो माडाविषयींचा मजकूर. तेल, माडी, साखर, शिर्का, दोर, घराचें छप्पर, सारें एका झाडापासून कसें मिळतें हें ते वडिलांस कौतुकानें कळवितात. गिरगांवच्या वाड्या एके काळीं माडांच्याच बागा होत्या. आमच्या पणजोबांस यांत नवल तें काय वाटलें असतें?

हेंच पत्र १५८९ सालीं लंडनमध्यें हॅक्लुइटच्या प्रवासवर्णनांत छापलें गेलें.

चार वर्षांनीं, १५८३ त, त्यांनीं पॅरिस येथील भाऊ रिचर्ड यास दुसरें पत्र लिहिलें. तोंवर येथील भाषा कानांवरून गेल्या होत्या. त्यांचा उच्चार कानास अप्रिय नाहीं व त्यांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असें त्यांत लिहिलेलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृताविषयीं तशाच अर्थाचें विधान १७८६ सालीं केलें. आज आमच्यांतील कित्येक घरीं मराठी केवळ स्वयंपाकघरापुरती उरली असून मुलांस प्रार्थना इंग्रजींतच शिकविण्याची चाल पडली आहे. तें पाहून आम्हांस या पत्राची आठवण होते. कारण तें लिहिणाऱ्याची मातृभाषा इंग्रजीच होती.

त्यानें ख्रिस्तचरित्र गाइलें तें मात्र मराठी ओवींत. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ सालीं राशोल येथें छापला. तीन वर्षांनीं फादर स्टीफन्स गोव्यांतच निवर्तले. ज्या घरीं पत्र धाडलें, त्या घरीं ते पुन्हां कधीं गेले नाहींत.