हरिकेन येतंय आणि घरात पाहुणे आहेत: भाड्याने घर देणाऱ्यांनी कधी, काय करायचं?

अमेरिकेत अटलांटिक महासागरातल्या हरिकेनचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा सहा महिने चालतो. याच काळात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरची हजारो घरं आठवड्या-आठवड्यासाठी पर्यटकांना भाड्याने दिलेली असतात. त्यात मुलांकडे गेलेले पुण्या-मुंबईचे आई-वडील असतात, तशीच डिस्ने वर्ल्ड बघून समुद्रावर चार दिवस काढायला आलेली मराठी कुटुंबंही असतात.

अशा वेळी वादळाची बातमी आली की घरमालकाला आधी छप्पर आणि खिडक्यांची काळजी वाटते. पण त्याहून अवघड प्रश्न असतो तो घरातल्या पाहुण्यांचा. ते वेळेत निघतील का? आणि नाही निघाले, तर का?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा पैशांत सापडतं. कसं, ते समजून घेऊ.

पाहुण्यांना धोका जास्त का?

स्थानिक माणसाला आपलं घर कोणत्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये आहे हे माहीत असतं. फ्लोरिडात हे झोन इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. ए झोन सर्वांत आधी रिकामा करतात, कारण तिथे समुद्राचं पाणी शिरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला ही अक्षरं माहीत नसतात. जवळचा निवारा कुठे आहे, कोणता पूल आधी बंद होतो, हेही त्याला ठाऊक नसतं. त्याच्याकडे बहुधा भाड्याची गाडी असते आणि परतीचं विमान तीन दिवसांनी असतं.

त्यात आभाळ स्वच्छ असतं. वादळ दोन दिवसांवर असताना किनाऱ्यावर छान ऊन पडलेलं असू शकतं. सुट्टीचे पैसे भरून आलेल्या माणसाला "आज निघा" हे पटत नाही.

हातात किती वेळ असतो?

अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर दोन टप्प्यांत इशारा देतं. पहिला 'वॉच', म्हणजे हरिकेनची शक्यता आहे. दुसरा 'वॉर्निंग', म्हणजे हरिकेन येणार असा अंदाज आहे. ताशी 63 किलोमीटरच्या वर वारे सुरू होण्याच्या साधारण 48 तास आधी वॉच आणि 36 तास आधी वॉर्निंग दिली जाते. हे तास प्रत्यक्ष वादळ किनाऱ्यावर धडकण्यापासून मोजलेले नसतात. जोराचा वारा सुरू झाला की गाडी चालवणं धोक्याचं होतं, म्हणून हिशोब वाऱ्यापासून धरतात.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या 'कीज' बेटांवर पाहुण्यांसाठी वेगळा नियमच आहे. ही बेटं मुख्य भूमीला जोडणारा जवळपास एकच मोठा रस्ता आहे. त्यामुळे तिथे टप्प्याटप्प्याने लोकांना बाहेर काढतात. सुमारे 48 तास आधी पर्यटक, सुमारे 36 तास आधी मोबाइल होममध्ये राहणारे आणि रुग्ण, तर सुमारे 30 तास आधी बाकीचे रहिवासी. पाहुणे आधी गेले तर रहिवाशांसाठी रस्ता मोकळा राहतो, असा साधा विचार त्यामागे आहे. सप्टेंबर 2017 मध्ये 'अर्मा' हरिकेन आलं, तेव्हाही पर्यटकांना रहिवाशांच्या आधी निघायला सांगितलं होतं. नंतर पर्यटकांसाठी कीज पुन्हा खुली झाली ती थेट 1 ऑक्टोबरला.

मात्र दर वेळी इतका वेळ मिळेल असं नाही. 2022 मध्ये 'इयान' हरिकेनच्या वेळी ली काउंटीत सक्तीच्या स्थलांतराचा आदेश 27 सप्टेंबरच्या सकाळी निघाला आणि 28 सप्टेंबरच्या दुपारी वादळ किनाऱ्यावर धडकलं. मध्ये जेमतेम सव्वा दिवस. फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून 10 ते 15 फूट पाणी चढलं. इयानच्या थेट तडाख्यात जे मृत्यू झाले, त्यांतले सर्वाधिक या पाण्यामुळे झाले. म्हणून सरकारी आदेशाची वाट न पाहता वॉच लागताच पाहुण्यांशी बोलायला सुरुवात करणं शहाणपणाचं.

नकाशावरच्या कोनाबाहेर घर असेल तर?

टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकाशात एक पांढरा कोन दिसतो. तो वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं एवढंच सांगतो. तेही साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र त्या कोनात राहतं, एक वेळ बाहेर जातं. वारा, पाऊस आणि पाणी कुठवर पोचेल, हे त्या कोनात दाखवलेलं नसतं.

याचं ठळक उदाहरण म्हणजे सप्टेंबर 2024 मधलं 'हेलीन'. त्याचं केंद्र फ्लोरिडाच्या उत्तरेकडे पेरी या गावाजवळ जमिनीवर आलं. पण तिथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या टँपा बे परिसरातल्या बेटांवर घराघरांत पाणी शिरलं. दोनच आठवड्यांत 'मिल्टन' आलं आणि आधीचा कचरा, भिजलेलं सामान रस्त्यावर पडलेलं असतानाच लोकांना पुन्हा बाहेर पडावं लागलं.

पैसे परत कोण देतं?

पाहुणा अडून बसतो तो इथे. "आदेश नसताना निघालो तर उरलेल्या रात्रींचे पैसे बुडतील" ही त्याची भीती असते. घरमालकालाही वाटतं, "वादळ वळलं तर मी फुकट नुकसान का सोसू?" दोघंही आदेशाची वाट बघतात आणि मोलाचे तास जातात.

नियम काय सांगतात?

• एअरबीएनबीने जून 2024 मध्ये आपलं धोरण बदललं. फ्लोरिडात हरिकेनच्या मोसमात हरिकेन येणं हे अपेक्षितच धरलं जातं. त्यामुळे फक्त वादळाचा अंदाज आहे म्हणून पूर्ण पैसे मिळत नाहीत. पण वादळामुळे सक्तीच्या स्थलांतराचा आदेश निघाला किंवा वीज-पाण्यासारख्या सेवा मोठ्या प्रमाणावर बंद पडल्या, तर घरमालकाचा रद्द करण्याचा नियम काहीही असो, पाहुण्याला न राहिलेल्या रात्रींचे पैसे मिळू शकतात.

• नॉर्थ कॅरोलायना राज्यात हे थेट कायद्यात आहे. तिथल्या व्हेकेशन रेंटल ॲक्टनुसार सक्तीच्या आदेशामुळे जितक्या रात्री राहता आलं नाही, तितक्या रात्रींचं भाडं परत द्यावं लागतं. अपवाद एकच: घरमालकाने अशा नुकसानीसाठी विमा देऊ केला होता आणि पाहुण्याने तो नाकारला होता. त्या विम्याची किंमत एकूण भाड्याच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

• प्रवास विमा वादळाला नाव मिळण्याआधी घेतलेला असावा लागतो. नाव मिळाल्यावर घेतलेला विमा सहसा त्या वादळाचं नुकसान भरून देत नाही.

म्हणजे नियमांत एक रिकामी जागा राहते: वॉच लागल्यापासून आदेश निघेपर्यंतची. ती भरून काढणं घरमालकाच्याच हातात असतं. "वॉच लागला आणि तुम्ही निघालात, तर उरलेल्या रात्रींचे पैसे परत" असं बुकिंगच्या वेळीच लिहून ठेवलं, तर ऐनवेळी घासाघीस होत नाही. दोन-तीन रात्रींचं भाडं जाईल, पण पाण्याने वेढलेल्या घरात अडकलेल्या कुटुंबाची जबाबदारी त्याहून कितीतरी मोठी आहे.

घरमालकाने काय करायचं?

बुकिंग झाल्यावर: घराचा झोन, बाहेर पडायचा रस्ता आणि जवळच्या निवाऱ्याचा पत्ता पाहुण्याला पाठवा. हाच कागद फ्रिजवर चिकटवा.

वॉच लागल्यावर: नवीन चेक-इन थांबवा. घरातल्यांना फोन करा. किती माणसं आहेत, लहान मुलं किंवा आजारी कोणी आहे का, गाडी आहे का, विमान कधीचं आहे, हे विचारा. नंतर लेखी मेसेज पाठवा. तो असा असू शकतो:

"आपल्या भागाला हरिकेन वॉच लागला आहे. घर ए झोनमध्ये आहे आणि हा झोन सर्वांत आधी रिकामा करतात. उद्या दुपारी 12 पर्यंत निघा. उरलेल्या तीन रात्रींचे पैसे मी परत करतो आहे. गाडीची टाकी आजच भरा, पासपोर्ट आणि औषधं जवळ ठेवा. निघताना आणि पोचल्यावर मेसेज करा."

मेसेजमध्ये वेळ आणि रक्कम स्पष्ट हवी. "काळजी घ्या, बघा कसं वाटतं ते" अशा मेसेजवर कोणी बॅग भरत नाही.

वॉर्निंग किंवा आदेश आल्यावर: पाहुणे निघाल्याची खात्री करा. अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, छत्र्या आत घ्या, कारण जोराच्या वाऱ्यात याच वस्तू काचा फोडतात. हे काम पाहुण्यांवर टाकू नका. घरमालक दूर राहत असेल तर हे करणारा स्थानिक माणूस मोसमाआधीच ठरलेला हवा.

रस्ताच बंद झाला तर?

वारा ताशी 65 किलोमीटरच्या आसपास गेला की अनेक ठिकाणी मोठे पूल बंद करतात आणि ॲम्ब्युलन्सही थांबतात. तेव्हा "आता निघा" म्हणणं उलट धोक्याचं ठरतं. पाहुण्यांना खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत थांबायला सांगा. पाणी चढत असेल तर वरच्या मजल्यावर पाठवा, मात्र बाहेर पडायला वाट नसलेल्या माळ्यावर नको. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवू देऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वादळानंतर दर वेळी त्याने माणसं दगावतात.

घर सुरक्षित भागात असेल तर?

किनाऱ्यावरून निघालेली माणसं आत येतात. अशा वेळी ऑर्लँडोसारख्या शहरात घरांना अचानक मागणी येते. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झाल्यावर राहण्याच्या जागेचं भाडं अवाच्या सवा वाढवणं बेकायदा आहे. तुलना आधीच्या 30 दिवसांच्या दराशी होते आणि प्रत्येक उल्लंघनाला 1,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

कोकणातल्या होमस्टेंसाठी यात काय आहे?

अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान होतात. कोकणातले होमस्टे भरतात तेही मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत. 3 जून 2020 ला 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ धडकलं आणि मे 2021 मध्ये 'तौक्ते' रत्नागिरी-सिंधुदुर्गला तडाखा देत गुजरातकडे गेलं. दोन्ही वेळी कोविडच्या निर्बंधांमुळे पर्यटन जवळपास बंद होतं. भरलेल्या होमस्टेंसह मोठं वादळ कोकणाने अलीकडे पाहिलेलं नाही.

भारतीय हवामान विभाग साधारण 48 तास आधी चक्रीवादळाची सूचना आणि 24 तास आधी इशारा देतो. हरिहरेश्वर किंवा गुहागरहून घाटरस्त्याने पुण्या-मुंबईला जायला सुट्टीत किती वेळ लागतो, हे तिथल्या प्रत्येक काका-काकूंना माहीत आहे. झाडं आडवी पडली की तोच रस्ता बंद होतो. म्हणून पाहुण्यांना सूचनेच्या टप्प्यावरच निरोप द्यायला हवा आणि आगाऊ रकमेचं काय करायचं, हे बुकिंगच्या फोनवरच सांगून टाकायला हवं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांकही खोलीत, वायफायच्या पासवर्डशेजारी लावता येईल.