विषाणू शरीरात होता, कलंक देशावर लादला गेला

एचआयव्हीसह जगणारा माणूस खचला की आपण सहज म्हणून जातो, "आजाराचं टेन्शन आहे." हैतीच्या बाबतीत हे उत्तर अपुरे आहे. तिथल्या रुग्णाच्या मनावर आजाराआधीच कलंकाचे ओझे टाकले गेले होते. आणि ते टाकणारे अडाणी नव्हते, विज्ञानाच्या नावाने बोलणारे होते.

हैती हा गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश. मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एड्सच्या जोखीम गटांमध्ये समलैंगिक पुरुष, शिरेतून नशा करणारे आणि हिमोफिलियाचे रुग्ण यांच्यासोबत हैतीच्या लोकांनाही बसवले. म्हणजे एका अख्ख्या देशाचा माणूस केवळ जन्मावरून संशयित ठरला. जन्मावरून अशुद्ध ठरवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकेत हैतीच्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, भाड्याने घरे मिळेनात, शाळेत मुलांना छळले गेले.

१९८५ मध्ये त्यांचे नाव यादीतून निघाले, लोकांच्या डोक्यातून नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने हैतीच्या लोकांचे रक्तच घेऊ नये असे सांगितले. २० एप्रिलला हजारो हैतीयन ब्रुकलिन पुलावरून मोर्चाने निघाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते धोरण मागे घ्यावे लागले.

१९९१ च्या लष्करी उठावानंतर बोटींतून पळालेल्या हजारो लोकांना अमेरिकेने ग्वांतानामोच्या तळावर ठेवले. त्यातल्या दोनशेहून अधिक जणांच्या जिवाला मायदेशी धोका आहे हे मान्य झाले होते. तरीही एचआयव्हीमुळे ते आणि त्यांचे कुटुंबीय काटेरी तारेआड अडकले. १९९३ च्या सुरुवातीला त्यांनी उपोषण केले आणि जूनमध्ये न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश दिला. अशा छावणीतल्या नैराश्याला केवळ मेंदूतला बिघाड म्हणणे ही चलाखी आहे.

खुद्द हैतीत, मध्य पठारावरचे लोक मनाचा त्रास सांगताना 'रेफ्लेशी त्वोप' म्हणतात, म्हणजे 'फार विचार करणे'. हा विचार कशाचा? पोरांच्या पोटाचा, लोक काय म्हणतील याचा, उद्याच्या गोळीचा. याच भागात झान्मी लासांत या संस्थेने १९९८ पासून गरिबांना एचआयव्हीची औषधे मोफत दिली. गावातलेच प्रशिक्षित, पगारी सोबती रोज घरी जाऊन गोळी देत, विचारपूस करत. मरणाच्या दारातली माणसे पुन्हा शेतात दिसू लागली, तशी तपासणीला येणाऱ्यांची संख्या वाढली आणि कलंक सैल झाला. पुढे बाधित कुटुंबांसाठी आधारगट सुरू झाले, आणि त्यांत आलेल्या पालकांमधली नैराश्याची लक्षणे कमी झाली.

"लोक अंधश्रद्धाळू आहेत, म्हणून लाजतात" हा युक्तिवाद इथेच कोसळतो. लाज औषधाच्या अभावातून, भुकेतून आणि सत्तेने मारलेल्या शिक्क्यातून आली होती. म्हणून समुपदेशन हवेच, पण त्यासोबत औषध, अन्न आणि सन्मानही हवा. रुग्णाला "मन खंबीर कर" असे सांगण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : त्याचे मन कुणी मोडले?